उलटी झाली नाही

मलकपेठच्या हॉस्पिटलात एकनाथबुवांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला होता. दोन तासांपूर्वी याच माणसानं सुलतान बाजारच्या देवळात काल्याचं कीर्तन असं रंगवलं होतं की उठवेना कुणाला! आता एकच धोशा, "छातीत सुरी फिरतेय."

डॉक्टर श्रुतीनं कार्डिओग्राम काढला. साफ.

"काकू, यांना उलटी झाली होती?"

"नाही," बुवांच्या पत्नी तारामती म्हणाल्या.

खोटं कुठं होतं? पंगतीत बुवांना एकामागून एक उमासे आले. पण काल्याचा प्रसाद ओकायचा? बुवांनी उपरण्यानं तोंड गच्च आवळलं आणि तोंडाशी आलेलं परत गिळलं. पानावर थेंब नाही. लगेच छातीत कळ. वर ऑटोत तारामतींना ताकीद, "कुणापाशी बोलू नको. प्रसाद बाटवला म्हणतील."

"कार्डिओग्राम साफ असला तरी हार्टचंच धरू या," श्रुती नर्सला म्हणाली. "रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरा."

नर्सनं सुई उचलली तशा तारामती पुढं सरकल्या. नवऱ्याचा शब्द मोठा की नवरा?

"डॉक्टर, थांबा! उलटी झाली नाही. यांनी होऊ दिली नाही."

श्रुती गर्रकन वळली. बोटं बुवांच्या गळ्यावर. दाबलं, तर कातडीखाली चुरमुऱ्यासारखं कुरकुरलं.

"सुई ठेवा खाली! हवा भरलीय इथं. काकू, अन्ननलिका फाटलीय. कोंडलेला जोर आतच फुटला."

मग काय धावपळ! औषधी रंग पाजून स्कॅन केला, तर रंग थेट छातीच्या डाव्या पोकळीत झिरपताना दिसला. सर्जन सुधीर धावतच आले. "किती वेळ झाला?"

"तीन तास."

"मग टाके धरतील. उद्यावर गेलं असतं तर कठीण होतं. चला!"

फाटलेलं शिवलं, छाती धुऊन निचऱ्याची नळी बसवली. तोंडानं पाणीही बंद; अन्न नळीनं थेट आतड्यात. आठव्या दिवशी पुन्हा रंग पाजला. थेंब गळला नाही.

पहिलं चमचाभर पाणी पिऊन बुवांनी हळूच विचारलं, "देवळात कळलं?"

"हौ. मीच सांगितलं."

"मग?"

"देवळाचे विश्वस्त हिम्मतराव म्हणाले, प्रसाद परत आला तर देव रागवत नाही. बुवा गेले असते, तर मात्र आम्ही देवावर रागावलो असतो."

बुवांना हसू फुटलं. छाती धरून म्हणाले, "हसवू नको गं, टाके ओढतात."