पाटील बोलून बसले

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली शाळा बंद करून तिथली पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची, असं वर ठरत होतं. त्याआधी पालकांचं म्हणणं ऐकायला शिक्षण खात्याचे साहेब आले. शाळेच्या अंगणात सतरंजी पडली. वाळत घातलेले बोंबील शेजारणीवर सोपवून कमळ आपल्या नातीला, निशाला घेऊन तिथे बसली.

निशा सातवीत. मनालीबाईंनी वर्गात निवडणूक घेतली होती. मतपेटी, बोटाला शाई, सगळं खऱ्यासारखं. निशा मुख्यमंत्री झाली आणि नळाला पाणी नाही म्हणून थेट मोठ्या सरांना जाब विचारून आली. आपली शाळा, तर आपणच विचारायचं, हे बाईंनी शिकवलेलं.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

भिकाजी पाटील उठले. वाड्याच्या वतीने पाटीलच बोलायचे, ही रीत. "नवी शाला चांगली हाय. आमची हरकत नाय."

पाटील बोलून बसले की कुणी तोंड उघडत नसे. कमळचा जन्म त्यात गेला. मतसुद्धा ती पाटील सांगतील त्यालाच द्यायची.

"आणखी कुणी?"

निशा उठू लागली. कमळने विचार करायच्या आधीच तिची ओढणी धरून खाली ओढली.

"बस गो. पाटील बोलले ना."

"पण आजी, पहिलीची पोरं तो रस्ता कशी ओलांडणार?"

"चूप."

मनालीबाई भिंतीशी उभ्या होत्या. नोकरीत असल्याने त्यांना बोलायची सोय नव्हती. त्या नुसत्या निशाकडे बघत राहिल्या. हरकत नाही, असं लिहून साहेब गेले.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. सकाळी आया मासळीबाजारात. लहानग्यांना रस्ता ओलांडून देणार कोण? काही पोरं घरीच राहिली, दिवसभर होड्यांच्या सावलीत खेळू लागली. कमळला ते बघवेना. ती पाटलांकडे गेली.

"मना काय ठावं, कमळ?" पाटील खाली बघत म्हणाले. "तवा कुणी बोललंच नाय."

घरी निशा गृहपाठ करत होती. नव्या शाळेत वर्गप्रमुख निवडताना तिथल्या बाईंनी विचारलं तरी तिने नाव दिलं नव्हतं.

"निशा, आपण साहेबांकडं जाऊ. तू बोल. मी हाय तुज्यासंगती."

निशाने मान वर केली नाही.

"मोठ्यांनी बोलायचं असतं, आजी," ती म्हणाली आणि पुढची ओळ लिहू लागली.