सातव्या दिवशी आलेले ग्वान काका

"मेलेला माणूस जेवायला येतो का हो मावशी? एवढं एकच सांगा मला!"

"ओरडू नकोस, देखण्या. तवा घासतेय मी, कान शाबूत आहेत."

शिउचिनने उलथनं खाली ठेवलं, हात एप्रनला पुसले आणि हेडफोन नीट बसवला. न्याहारीचं दुकान बंद झालं होतं. शटर अर्धं खाली, टेबलांवर उलट्या खुर्च्या, आणि सोयाच्या दुधाच्या रिकाम्या पिंपाशेजारी तिचा जुना कॉम्प्युटर. सकाळभर ती अंड्याची धिरडी उलटायची आणि दुपारी लोकांची भांडणं निस्तरायची. चियायी शहरातल्या त्या गल्लीत कुणाला पत्ताही नव्हता की ही पन्नाशी ओलांडलेली बाई 'धुकेबंदर' नावाच्या गावची पंच आहे.

हे धुकेबंदर नकाशावर शोधायला जाऊ नका. ते फक्त पडद्यावर आहे. तिथे जो येतो तो एक सोंग घेऊन येतो, कुणी पोलीस, कुणी कोळी, कुणी दरोडेखोर, आणि माईकवर आपल्या आवाजात ते सोंग जगतो. सोंग घेणं सोपं, निभावणं कठीण, म्हणून नियम. बाहेर कळलेली गोष्ट आत माहीत नाही असं वागायचं. आणि चौथा नियम सगळ्यात कडक. आपलं सोंग कायमचं मेलं असं एकदा कबूल केलं, की ते पुन्हा अंगावर चढवायचं नाही. चढवलं तर खातं बंद, आणि त्या माणसाला गावात परत पाऊल ठेवता येत नाही.

शिउचिन इथे आली ती मुलाच्या पाळतीवर. पोरगा खोलीत बसून तासन् तास कुणाशी बोलतो, हे तिला बघायचं होतं. पोरगा यथावकाश नोकरीला दूर शिन्चू शहरात गेला, खेळ विसरला; आई मात्र तिथेच राहिली. चौकशी तिच्या हाडातच होती. गिऱ्हाइकं म्हणायची, हिच्याकडे धिरड्यावर चौकशी फुकट. आणि समोरचा सत्तरीचा बोळका असो की बिलंदर टवाळ, न्याहारीवाल्या बायकांच्या रीतीप्रमाणे तिच्या तोंडी सगळे 'देखणे' आणि सगळ्या 'सुंदऱ्या'. शिक्षा सुनावतानासुद्धा! "देखण्या, तुला आठवडाभर बंदी," असं ती इतक्या मायेने म्हणायची की समोरच्याला शिवीच सुचत नसे.

"सांग. पहिल्यापासून सांग."

पलीकडे होता शाओहू. सोंगाने दरोडेखोर, बाहेर म्हणे मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवायचा. त्याची जीभ अशी की गावात त्याला दोस्त म्हणून कुणी नाही.

"बँक लुटली तेव्हा ग्वान काकाला माझी गोळी लागली. रीतसर, खेळातच. माझ्या तोंडाला फडकं, गावात कुणी ओळखलं नाही; मेलेल्याच्या पडद्यावर मारणाऱ्याचं नाव दिसतं, तेवढंच. काकाने स्वतः लिहून दिलं की आपण मेलो. विषय संपला ना? मग सातव्या दिवशी त्याच्या नूडल्सच्या गाड्यावर अख्खं गाव जमलं. मी पण गेलो, साध्या कपड्यात. तर म्हातारा पांढऱ्या कपड्यात हजर! बसला, जेवला, उठला, आणि सरळ माझ्यापुढे येऊन बोट रोखून उभा. पोलीस तिथेच नूडल्स ओढत बसलेले. झालं, मी आत! भुताची साक्ष! कुठल्या कोर्टात चालते हो?"

"कुठल्याच नाही."

"पण तुम्ही निकाल त्याच्याच बाजूने देणार. काका साखर, मी कारलं. माहितीये मला."

"निकाल अजून माझाच मला माहीत नाही, तुला कुठून कळला?" शिउचिन म्हणाली. पण शाओहूला जे माहीत नव्हतं ते तिला पक्कं माहीत होतं.

पंचही गावात सोंग घेऊन राहायचे. कुठल्या सोंगामागे पंच आहे, हे मात्र गुपित. ग्वान काकांच्या गाड्यावर त्यांची बायको म्हणून उभी राहायची ती आ-मान, तोंडाळ, कांद्याची पात कापता कापता नवऱ्याचा उद्धार करणारी, ती शिउचिनच होती. काका बाहेर कोण, कुठले, तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं नाही, हाही नियम. तिच्यासारख्या चौकस बाईने तो पाळला, हेच मोठं.

सातव्या दिवशी गेलेलं माणूस घरी येऊन जातं, हे तिच्या मुलखात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दार उघडं ठेवायचं, आवडीचं रांधायचं. आईच्या वेळी तिने केलं होतं, तसंच तिने खेळातही केलं. वाडगा मांडला, वर अंडं ठेवलं, आणि माईकवर चक्क हाक मारली, "या हो, जेवून घ्या. थंड होतंय." आणि काका आले! तिच्या अंगावर काटाच आला. पंच म्हणून त्याच क्षणी त्यांना बाहेर काढायला हवं होतं. ही बाई बघत बसली, आता हे आधी अंडं खातात की नूडल्स! बोट रोखलं गेलं तेव्हा कुठे ती भानावर आली.

निकालाआधी तिने नेहमीसारखं त्या वेळचं चित्रण लावलं, आधी आवाज बंद करून. ही तिची पद्धत. आवाज असला की माणूस आवडतो किंवा नावडतो. मुकं बघितलं की कोण कुठे उभा होता आणि कुणी काय केलं, एवढंच उरतं. मुक्या चित्रात एक म्हातारा वाडगा रिकामा करत होता, तोंड पुसत होता, गर्दीतल्या सगळ्यांना ओलांडून एकाच माणसापुढे जात होता. आणि त्याआधी एक बाई हात हलवून त्याला बोलावत होती. तिने पुन्हा लावलं. बाईचा हात पुन्हा हलला.

दार ढकलून कुणी आत यावं तसा बोयूचा आवाज हेडफोनमध्ये घुसला. बोयू धुकेबंदरच्या सर्व्हरचा मालक. वयाने तिच्या मुलाएवढा.

"मावशी, एवढं काय त्यात? शाओहूची तक्रार फेटाळा आणि मोकळ्या व्हा. त्याने कमी लोकांना छळलंय का?"

"त्या वेळी छळलं, त्या वेळी शिक्षा झाली. आज त्याने काय केलंय?"

"...काही नाही."

"मग?"

"मग काकांचं खातं जाईल! अख्खं गाव खवळेल. आणि तुम्ही? पंच कुणाला नियम मोडताना बघून गप्प बसला तर पंचपद गेलं, हा नियम तुम्हीच आग्रहाने घालायला लावलात."

"हो, तेव्हा अक्कल होती मला."

"आ-मान तुम्ही आहात हे मला सोडून कुणाला माहितेय? मी काय दवंडी पिटणार आहे?"

 शिउचिनला ही पंचाची जागा हवी होती, यात काय लपवायचं! धिरडी कुणीही उलटली असती. पण दुपारी दोन माणसं तावातावाने येत, ती दोघांचं ऐके, आणि जाताना दोघंही म्हणत, मावशी, ऐकून तरी घेतलंत. आयुष्यात तिचं म्हणणं कुणी एवढं मानलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने तर नाहीच.

"काकांना बोलाव," ती म्हणाली.

सोंगाबाहेर काकांचा आवाज वेगळाच निघाला, मऊ, जपून पावलं टाकणारा.

"पंचबाई, मीच आलो होतो. चूक माझी. वाद नाही."

"वाद नसू दे. मला एक सांगा, का आलात?"



"आमची ही गेली गेल्या वर्षी. सातव्या दिवशी दार उघडं ठेवून बसलो. तिच्या आवडीची मासळी केली होती, करपवली थोडी. सकाळपर्यंत बसलो. आली असेल का? आली असेल तर तिला काय दिसलं असेल? मी दिसलो असेन का? हेच डोक्यात घोळत राहिलं बघा. मग खेळात मीच मेलो. म्हटलं, त्या बाजूने बघून तर येऊ."

"मग? काय दिसलं?" शिउचिनच्या तोंडून निघून गेलं. पंचाने विचारायचा प्रश्न नव्हता तो. पण विचारल्याशिवाय तिला राहवलंच नसतं.

"सगळं दिसतं हो. कोण रडतंय, कोण नुसतं जेवायला आलंय. आ-मानने अंडं वर ठेवलेलं दिसलं. फक्त आपल्याला बोलता येत नाही. मला वाटलं होतं, मेल्यावर माणूस शांत होत असेल. कसलं काय! तो पोरगा माझ्याच गाड्यावर मिटक्या मारत बसलेला दिसला आणि असा राग आला! बोट कधी वर गेलं कळलंच नाही. आमची ही आली असेल तर करपलेली मासळी बघून चिडली असणार, एवढं मात्र आता नक्की कळलं."

ते हसले. शिउचिनला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. माईक बंद करून तिने एप्रनमध्ये नाक शिंकरलं.

निकालाला चौघं होते. ती, बोयू, काका आणि शाओहू.

"शाओहूची तक्रार खरी आहे," ती म्हणाली. "मेलेल्याला माहीत असलेलं जिवंताच्या विरुद्ध वापरलं गेलं. त्याची अटक रद्द. ज्यांनी ज्यांनी ते बोट बघितलं, त्यांनी ते बघितलंच नाही असं धरून चालायचं. काकांचं खातं चौथ्या नियमाने बंद. आणि त्यांना हाक मारून बोलावणारी आ-मान म्हणजे मी. मी पंच असून बघत बसले. माझं पंचपद आजपासून गेलं."

"मावशी!" बोयू ओरडला.

 शाओहू चाचरला, "आ-मान तुम्ही? म्हणजे... थांबा ना. कायमचं बंद? काकाचं?"

"हो."

"मला फक्त तुरुंगातून सुटायचं होतं. मी तक्रार मागे घेतो. झालं?"

"नाही झालं. तुझ्या शब्दावर नियम उठत नाही, देखण्या, आणि तुझ्या शब्दावर बसतही नाही. आज तुझ्या मनासाठी वाकवला, तर उद्या तू एकटा पडशील तेव्हा गाव तुझ्याविरुद्ध वाकवेल. तेव्हा कुणाकडे जाशील?"

"पण तो म्हातारा आहे हो मावशी..."

"पोरा," काका मध्येच म्हणाले, "बरोबर बोलतायत त्या. गोळी मस्त मारली होतीस. मी पडलो तेव्हा मलासुद्धा खरंच वाटलं." मग तिला म्हणाले, "आ-मान, गाडा बंद करू नकोस. रस्सा खारट करतेस, तेवढं बघ."

"आयुष्यभर तेच गाऱ्हाणं तुमचं," शिउचिन आ-मानच्या आवाजात म्हणाली, आणि तिनेच बटण दाबलं. काकांचं नाव यादीतून गेलं. ते कुठल्या गावचे, कुठल्या गल्लीत राहतात, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.

मग बोयूने, दोनदा खाकरून, तिच्या नावापुढचं पंचाचं चिन्ह काढलं.

पुढचे काही दिवस ती तिकडे फिरकली नाही. दुपारी शटर लावून घरी जायची, भाजी निवडायची, टीव्ही लावायची आणि काय चाललंय ते न बघता बसायची. शेवटी एका दुपारी राहवलं नाही. साधी गावकरी म्हणून आत गेली. गाडा तिथेच होता. तिने चूल पेटवली, पाणी चढवलं. गावातले लोक येऊन बसले, पण तिच्याशी जपून बोलत होते. काही तर आलेच नाहीत. निकाल गावभर झाला होता, आणि काकांना घालवलं म्हणून त्यांचा तिच्यावर राग होता. तोही तिने गिळला.

गर्दी ओसरल्यावर एक माणूस रस्त्यापलीकडे उभा दिसला. बराच वेळ उभाच. मग रस्ता ओलांडून आला आणि कडेच्या स्टुलावर टेकला. चेहरा उघडा होता. शाओहू.

शिउचिनला सगळं माहीत होतं. कुणाची गोळी, कुणाचं बोट, कुणाचा आवाज शेवटी चाचरला, सगळं. आ-मानला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा नवरा तोंडाला फडकं बांधलेल्या कुणाच्या तरी गोळीने गेला होता, बस.

"बाई," तो खाली बघत म्हणाला. एवढा हळू बोलताना त्याला गावात कुणी ऐकलं नसेल. "तुम्ही मला ओळखता का?"

  शिउचिनने वाडगा घेतला, नूडल्स घातल्या, वर अंडं ठेवलं आणि त्याच्यासमोर सरकवला.

"नाही बाबा," आ-मान म्हणाली. "नवीन दिसतोस गावात. तिखट चालतं का तुला?"