वाटेवरच्या डोहाची फिरकी

मी एक फिरकी. लोखंडाची, तीन दांड्यांची, माणसाच्या कमरेएवढी. कुणी मला पोटाने ढकललं की मी खट् आवाज करून फिरते आणि माझ्या आतला आकडा एकाने पुढे सरकतो. एवढंच माझं काम. आज मात्र मला बोलायचं आहे. डोळ्यांदेखत जे घडलं, ते माझ्या गळी उतरत नाही.

माझ्या जन्माच्या वेळी कारागिराने माझ्या सांध्यांत इतकं ग्रीस भरलं होतं, की सुरुवातीला लोक कपडे पुसतच पुढे जायचे. मी आधी एका सिनेमागृहाच्या दारात होते. ते बंद पडलं, तेव्हा मला टेम्पोत आडवी टाकून इथे आणलं.

इथे म्हणजे मध्ये. वर डोंगरात थंड हवेचं शहर, खाली समुद्रकाठचं शहर आणि दोन्हींच्या मधल्या वळणावर आमचा धबधबा. त्याच्या पायथ्याशी डोह. बस थांबते, लोक पाय मोकळे करतात, चहा पितात, पाण्यात उतरतात, फोटो काढतात आणि निघतात. मुक्कामाला कुणीच राहत नाही.

माझ्या शेजारच्या खिडकीत तिकीटवाली बसायची. तिचा धाकटा दीर डोहावर जीवरक्षक होता. त्याच्या शिट्टीने लोकांचं डोकं उठायचं, हे मान्य. एकदा एक गृहस्थ त्याच्यावर डाफरले, "अहो, मला पोहता येतं."

"ते पाण्याला माहीत नाही काका," तो म्हणाला. "बाहेर या."

काका कुरकुरत बाहेर आले. असे कितीतरी लोक रागावून, पण जिवंत घरी गेले. त्याची नोंद कोण ठेवणार?

मग पर्यटन खात्याची पाहणी आली. एक तरुण मुलगी फाटकात उभी राहून प्रत्येकाला विचारायची, "तुम्ही कुठे निघालात?"

"समुद्रावर," बहुतेक जण म्हणायचे. काही म्हणायचे, "डोंगरावरून येतोय, आता समुद्रावर."

ती एकच ठिकाण लिहायची. तिकीटवाली खिडकीतून म्हणाली, "आणि आता इथे उभे आहेत ते?"

"रात्री जिथे राहणार तेच ठिकाण धरायचं असतं ताई. एकच रकाना आहे." मुलगी ओशाळली. "मी साहेबांना विचारते."

तिने खरंच विचारलं. साहेब स्वतः आले तेव्हा माझ्यासमोरच बोलणं झालं.

"एक माणूस तीन ठिकाणी मोजला, तर एकाचे तीन होतील," साहेब म्हणाले. "आकडे फुगतात."

"मग माणूस एकदाच मोजू या सर," मुलगी म्हणाली, "पण त्याचे थांबे वेगळे मोजू. थांबला तर आहेच ना इथे?"

"पुढच्या वेळी बघू."

साहेबांनी चहा घेतला, डोहात पाय बुडवले आणि समुद्राकडे गेले. जाताना त्यांनीही मला पोटाने ढकललं होतं. मी त्यांना मोजलं. त्यांनी मला मोजलं नाही.

अहवाल आला. आमच्या ठिकाणी पर्यटक जवळपास येतच नाहीत, असं ठरलं. जीवरक्षकाची जागा गेली.

"वहिनी, समुद्रावर जीवरक्षकांची भरती आहे," दीर म्हणाला. "जाऊ का?"

"जा भाऊजी. इथे बसून काय करणार?"

तो गेला. बस मात्र येत राहिल्या. डोहाला वाचता येत नाही, त्यामुळे अहवाल त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तो होता तेवढाच खोल राहिला.

एका दुपारी एक कुटुंब आलं. आईवडील आणि दोन मुली. धाकटीची चप्पल पाण्यात वाहत गेली. ती आणायला वडील उतरले. थोडं पुढे, आणखी थोडं पुढे. शिट्टी वाजली नाही. बाईची किंकाळी ऐकून तिकीटवाली दोर घेऊन माझ्यावरून उडी मारून धावली. दोर पुरला नाही. बसचालकाने आणि चहावाल्याने त्यांना बाहेर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीला आलेल्या माणसाने त्या बाईला विचारलं, "कुठे निघाला होतात?"

ती थिजल्यासारखी बसली होती. "समुद्रावर," ती म्हणाली.

पाहणीवाली मुलगी पुन्हा आली ती चौकशीचा निकाल सांगायला. तिने खिडकीपाशीच बैठक मारली. म्हणाली, "ताई, खात्याच्या तक्त्यात तुमच्या जागेला ओळच नाही. तो माणूस समुद्रकाठच्या अपघातांत धरला. तिकडे आणखी दोन जीवरक्षक दिले."

तिकीटवालीने खिडकी ओढून घेतली.

समुद्राला जीवरक्षक मिळाले, याचं मला दुःख नाही. पण जो माणूस समुद्र न पाहता गेला, त्याला समुद्रावर मेलेला ठरवायचं? त्याच्या मुली मोठ्या होऊन विचारतील तेव्हा त्यांना कुठला किनारा दाखवणार आहात?

आता माझा एक दांडा वाकला आहे. मला कुणी वंगण घालत नाही. पुढच्या महिन्यात मला काढणार, म्हणे. खुशाल काढा. जाण्याआधी तुम्हाला एकच सांगते. बस थांबली तर जरूर उतरा. चहा प्या, धबधबा बघा. पण पाण्यात पाय टाकू नका. तिथे कोणी नाही.