मोडलेल्या बांधावरची लाल खूण

मी एक जुनी लाल खूण आहे. खडूची नाही, शेंदराचीही नाही. मोबाइलच्या नकाशावर बोट दाबलं की टपकन उमटते, ती. पाणीपुरीचा गाडा शोधताना तुम्ही मला हजारदा पाहिलं असेल, पण ‘तू इथं का उभी आहेस’ असं एकदाही विचारलं नसेल. मित्रांनो, आज मी न विचारताच सांगणार आहे आणि उगाच गोड बोलणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

मला जन्म दिला शहरातल्या मुकुंदवाडीच्या बिभीषणनं. घर मेंढपाळांचं, पण मेंढ्या केव्हाच विकल्या. आता त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. घराण्याचा इतिहास नकाशावर मांडायचं एक अ‍ॅप त्यानं घेतलं. जन्माची खूण हिरवी, लग्नाची पिवळी, मरणाची लाल. हौसेनं त्यानं आईला, सारजाबाईला, शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं. ती म्हणाली, पहिली मुलगी झाली होती, बारशाआधीच गेली, देवगाव रंगारीला. बिभीषणनं गावाचं नाव टाकून बटण दाबलं आणि मी उगवले ती थेट गावाच्या मधोमध, एसटी स्टँडावर.

चूक इथंच झाली. हे घराणं कधी गावात राहिलंच नव्हतं. शेतकरी खतासाठी मेंढ्या वावरात बसवून घ्यायचे. काही रात्री एकाच्या वावरात, मग पुढच्याच्या. यांचं बिऱ्हाड, यांची बाळंतपणं, यांची मरणं, सगळं कुणाच्या तरी शेतात. गावात ही माणसं जायची ती मीठमिरची आणायला. पण नकाशाला गावाचं नाव दिलं की तो चौकात खूण ठोकून मोकळा होतो. बिभीषणनं सगळं घराणं असंच स्टँडांवर आणि चौकांत नेऊन उभं केलं होतं.

सारजाबाईनं मला टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर पाहिलं.

“स्टँडावर लेकरू पुरतं का रं कोणी?” ती म्हणाली.

बिभीषण हसला आणि गाव दिसलं म्हणजे झालं, असं म्हणून चहा प्यायला लागला. त्या हसण्याची चीड मला तेव्हापासून आहे.

त्याची धाकटी बहीण शीला मात्र आईला घेऊन देवगावला गेली. तेव्हा ज्यांच्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या, त्या अप्पारावाचं वावर सापडलं. अप्पाराव राहिले नव्हते, आणि त्यांच्या मुलांनी जेसीबी लावून मधला बांध मोडला होता. विहीर तेवढी जागेवर होती. तिच्या अंदाजानं सारजाबाई चालत गेली आणि एका ठिकाणी खाली बसली. इथंच तिच्या नवऱ्यानं, मुंजाबानं, बांधाला लहानसा खड्डा केला होता. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून लेकीला ठेवलं, आणि सकाळी कळप हलला. पुढचा शेतकरी वाट बघत होता. सारजाबाई अंगावर दूध घेऊन मेंढ्यांमागं चालली. पुढं दरवर्षी कळप त्या वाटेनं गेला की ती बांधावर एक दगड ठेवायची. बांधाबरोबर ते दगडही गेले. त्या मुलीचा कुठं मागमूस उरला नव्हता.

शीलानं तिथंच उभं राहून आपल्या मोबाइलवर मला स्टँडावरून उचललं आणि आईच्या पायाशी आणून ठेवलं. माझ्या आयुष्यात कौतुकाचा दिवस तो एकच. सारजाबाईनं पडद्यावर मला बोट लावलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

मग बिभीषणच्या मुलाचं, ऋतुराजचं लग्न जमलं. सोयरे शिकलेले, चार पिढ्यांची शेतीवाडी असलेले. त्यांना घराण्याचा नकाशा टीव्हीवर दाखवायचा, असं बिभीषणच्या डोक्यात आलं आणि त्यानं साफसफाई काढली. हिरव्या-पिवळ्या खुणा ओढून ओढून मुकुंदवाडीत कोंबल्या, जणू सगळे पिढ्यान्‌पिढ्या फ्लॅटमध्येच जन्मले. मला त्यानं कचरापेटीत टाकलं.

शीलाच्या हे लक्षात आलं आणि तिनं मला परत काढलं. त्यानं पुन्हा फेकलं. फोनवर दोघांचं कडाक्याचं वाजलं. सोयऱ्यांपुढं बांधाबांधावर जन्मलो-मेलो हे कशाला दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. तुला मायची लाज वाटती, असं तिचं. शेवटी त्यानं नकाशात बदल करण्याचा शीलाचा हक्कच काढून घेतला. ती रक्षाबंधनाला आली नाही, त्यानंही बोलावलं नाही.

मित्रांनो, अ‍ॅपची कचरापेटी फार वाईट. तिथं थोडे दिवस ठेवतात, मग कायमचं पुसतात. मी तिथं पडून बिभीषणला शिव्या घालत होते.

सोयरे यायच्या आदल्या दिवशी तो टीव्हीवर नकाशाची तालीम करत होता. सारजाबाई दारात येऊन उभी राहिली. पोरीची खूण कुठंय, तिनं विचारलं. तो म्हणाला, शुभकार्यात लाल खूण बरी दिसत नाही.

“मंग माझीबी काढ,” ती म्हणाली. “मीबी वावरातच जन्मले.”

“माय, उगं डोकं नको खाऊ.”

“काढ म्हणते ना.”

बिभीषण हट्टाला पेटला. त्यानं खरंच आईच्या नावावर जाऊन ‘काढा’ दाबलं. अ‍ॅपनं पडद्यावर बजावलं: या व्यक्तीला काढल्यास तिच्याशी जोडलेल्या सर्व व्यक्तीही जातील. खाली नावं होती. बिभीषण. शीला. ऋतुराज.

सारजाबाईला वाचता येत नव्हतं. बोट का थांबलं, एवढंच तिनं विचारलं. त्यानं ‘रद्द करा’ दाबलं, कचरापेटी उघडली आणि मला रागारागानं विहिरीजवळ परत आणून आदळलं. मग रिमोट सोफ्यावर फेकून तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोयरे आले. आईनं स्वतः बोलावलं म्हणून शीला आली, पण स्वयंपाकघरातच राहिली. बिभीषणनं नकाशा भराभर पुढं सरकवला. माझ्यावरून तर फारच घाईनं. पण व्याह्यांची वृद्ध आई, मनकर्णाबाई, म्हणाली, थांबा, ती रानात एकटीच लाल खूण कुणाची?

बिभीषण खाली बघत होता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“माझी थोरली बहीण,” तो म्हणाला.

त्या पोरीला बहीण म्हणणारं आजवर कुणी नव्हतं. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. शीला दारापर्यंत आली, भावाकडं बघितलं आणि परत आत गेली. त्या दोघांचं अजून बोलणं नाही. मीही त्याला माफ केलेलं नाही. मुकुंदवाडीत कोंबलेल्या माझ्या हिरव्या भावंडांना त्यानं अजून त्यांच्या वावरांत सोडलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्यांचा नकाशा कराल तर घरात बसून गावाचं नाव टाकून मोकळे होऊ नका. ज्याचं दुःख आहे त्याला सोबत घ्या, त्या जागेवर जा, आणि मगच बोट दाबा. आणि आम्ही बरे दिसत नाही म्हणून आम्हाला पुसू नका. देवगावच्या त्या वावरात आता दगड नाही, बांध नाही, यंदा तिथं कपाशी आहे. तिथं एक पोर झोपली आहे, हे सांगणारी मी एकटीच उरले आहे.