बंद दाराआडचा अनघड चिरा

मित्रांनो, आज मी आपणासमोर माझी जीवनकहाणी सादर करणार आहे. ती सत्य असून तिच्यात कोणाही बंधूची निंदा नाही, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो. ऐकून झाल्यावर दोष कोणाचा, हे आपणच ठरवावे. मला ते ठरवता आलेले नाही.

मी एक जुना चिरा आहे. जांभ्या दगडाचा, तांबडा, अंगभर छिद्रे असलेला. धामापूरच्या बाजूच्या एका खाणीत माझा जन्म झाला. काढतानाच माझा एक कोपरा ढासळला आणि बांधकामास निरुपयोगी म्हणून मला कडेला टाकण्यात आले. तेथून मला मालवणच्या फ्रीमेसन लॉजच्या संस्थापकांनी उचलून आणले. फ्रीमेसन ही एक बंधुसंस्था आहे. गवंड्याच्या हत्यारांचे दाखले देऊन माणसाने आपले आचरण कसे घडवावे, हे तेथे शिकवतात. सभा बंद दाराआड भरते आणि आतले बाहेर बोलायचे नाही, अशी शपथ असते. त्या दालनात दोन दगड ठेवलेले असतात. घडीव दगड म्हणजे माणसाने व्हावे तसा, आणि अनघड दगड म्हणजे माणूस येतो तसा. तो अनघड मी.

गावात त्या इमारतीला ‘भुतांचो बंगलो’ म्हणत. फाटकावर ‘लॉज’ अशी पाटी वाचून पर्यटक खोली मागावयास येत. तेव्हा राखणदार सांतान गंभीर चेहऱ्याने सांगे, “खोली आसा, पण थंय रवलेलो माणूस भायर येवन कायच सांगना नाय!” पर्यटक मुकाट्याने बॅगा उचलून चालू लागत.

आमच्या लॉजची एक रीत होती. नव्या बंधूने प्रवेशाच्या दिवशी माझ्यावर हातोडीचा एक घाव घालायचा. त्याचा खळगा माझ्या अंगावर कायमचा राही. मित्रांनो, खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो आणि वारा लागेल तसा कठीण होत जातो. म्हणून संस्थापकांचे खळगे खोल होते आणि नंतरच्यांचे उथळ.

सर्वांत उथळ खळगा अवधूतचा होता. आमचे जुने बंधू आणि औषधांच्या दुकानाचे मालक दाजी तिरोडकर यांचा हा एकुलता एक मुलगा. तो डावखुरा असल्यामुळे सगळे खळगे एकीकडे कललेले, तर त्याचा एकट्याचा दुसरीकडे. घाव घालताना तो कचरला, तेव्हा दाजी मागून ओरडले, “रे, जोरान मार! दगड तो, तुझो सासरो नाय!” त्या गंभीर दालनात तेवढा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पुढे गोव्याला कामावर जात असताना महामार्गावर अपघात होऊन अवधूत गेला.

त्यानंतर दाजी प्रत्येक सभेस सर्वांच्या आधी येऊ लागले. ते माझ्यापाशी वाकत आणि त्या खळग्यात बोट ठेवून उभे राहत. घरी अवधूतचे कपडे होते, छायाचित्रे होती, परंतु त्याच्या हाताचा जोर केवळ माझ्यापाशी होता. याविषयी दाजी कोणाशी बोलले नाहीत. इतर बंधूंनी पाहिले, पण विचारले नाही.

काळ लोटला, बंधू थोडे उरले. अशा वेळी देवबागेत पर्यटकांसाठी घरे चालवणारा सिद्धेश केरकर लॉजचा नवा प्रमुख झाला. त्याच्या योजना मोठ्या होत्या आणि मनापासून होत्या. छप्पर दुरुस्त करायचे, पुढच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय काढायचे, गावाला आत बोलवायचे. आणि उंच जोत्यापुढे एक बुटकी पायरी बांधायची.

“दाजीनू, तुमका चढताना बघून माझे गुडघे दुखतत,” तो म्हणाला.

“मगे तेल लाय!” दाजी म्हणाले. परंतु त्यांना बरे वाटले होते, हे मला दिसले.

परक्या कामगारांनी लॉजच्या वस्तू पाहू नयेत, म्हणून बंधूंनी त्या स्वतः उचलून कुलूपबंद केल्या. मी जड. मला मागच्या पडवीत ठेवले, वर पोते टाकले आणि “उद्या बघूया” म्हणून ते निघून गेले. शेजारीच पायरीसाठी आणलेल्या चिऱ्यांची रास होती.

दुसऱ्या दिवशी बाबली गवंड्याला एक चिरा कमी पडला. त्याने माझ्यावरचे पोते काढले व सांतानला विचारले, “ह्यो वाकडो कसलो?”

“माका काय ठावक? आतलो असात. आतला माका कोण सांगता?”

बाबलीने सिद्धेशला फोन लावून तेच विचारले. सिद्धेश चारचौघांत बसला होता. मी कोण, हे बाहेरच्या माणसाला सांगावे कसे? शपथेला जागून तो म्हणाला, “तो असोच आसा. काय विशेष नाय.”

मित्रांनो, घडीव व्हावे, ही माझी कित्येक वर्षांची इच्छा होती. म्हणून बाबलीची पहिली तासणी अंगावर पडली तेव्हा मला आनंदच झाला. धार वाकडी होती, ती सरळ झाली. मग त्याने मला उलटवले. दोन तासण्यांत अवधूतचा खळगा भुगा होऊन खाली पडला. दगडाला ओरडता येत नाही.

सायंकाळी सिद्धेश दाजींना पायरी दाखवावयास घेऊन आला. दाजी आधी पडवीत गेले. रिकामे पोते पाहिले. मग परत येऊन पायरीपाशी वाकले आणि माझ्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवत राहिले. फोनवर विचारलेला चिरा तो मीच, हे तेव्हा सिद्धेशच्या ध्यानात आले.

“दाजीनू, मियाच तेका सांगलंय, काय विशेष नाय म्हणान.”

दाजींनी बाबलीला विचारले, “फुटलेले तुकडे खंय टाकलंस?”

“पायरेखाली भरावाक घातलंय. कायच वाया घालवूक नाय!” बाबली अभिमानाने म्हणाला. मग त्यांचे डोळे पाहून घाबरला. “काय चुकला काय माझा?”

“नाय रे बाबा. बरी बसवलंस.”

“उपटून काढूया?” सिद्धेश पुटपुटला.

“काढून काय गावतला?” दाजी म्हणाले.

“मगे चढा बघूया एकदा!” बाबली आनंदाने म्हणाला. “तुमच्याचसाठी केलली आसा!”

दाजींनी चप्पल काढली. पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला. ते बाजूला गेले, खिडकीचे गज धरले आणि उंच जोत्यावर गुडघा टेकून कसेबसे वर चढले.

“अहो दाजीनू, पायरी हय आसा!”

“आसांदे रे. सिमीट अजून ओला आसा.”

त्या गोष्टीला बराच काळ झाला. वाचनालय सुरू झाले, मुले माझ्यावरून धावत आत जातात, आणि सिद्धेशचे गावात कौतुक होते. ते योग्यच आहे. दाजी अजूनही खिडकीचे गज धरूनच चढतात. कोणी हात पुढे केला तर सिमीट ओला असल्याचे सांगतात.

म्हणून मित्रांनो, माझी आपणास कळकळीची विनंती आहे. जुन्या वस्तूला हात लावण्यापूर्वी अवश्य विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने, कितीही मोठी शपथ असली तरी, एवढे तरी सांगावे की हिला हात लावू नका, ही कोणाची तरी आहे.

आपण शांत चित्ताने ऐकून घेतलेत, याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
अनघड चिरा
हल्ली मुक्काम, लॉजची पायरी, मालवण