दुकानाला पाटी नाही

त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. विसरली म्हणून नव्हे, बाबांनी कधी लावूच दिली नाही म्हणून. एका बाजूला छपाईवाला, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान, आणि मध्ये एक राखाडी दार. दाराला घंटी. घंटीखाली काही लिहिलेलं नाही. आत केसांचे टोप बनत.

"टक्कल पडलेला माणूस पाटी वाचून आत शिरेल होय?" बाबा म्हणत. "आधी इकडेतिकडे बघेल, मग चष्म्याच्या दुकानात घुसेल आणि नको असलेला चष्मा घेऊन घरी जाईल. पाटी लावली असती तर त्या चष्मेवाल्याने माझ्या जिवावर माडी चढवली असती."

धंदाच तसा. औषधांनी केस गेलेल्या बायका, भाजलेले, जन्मापासून भुवई नसलेले. रस्त्यावर कुणी बघेल या भीतीने अर्धमेली झालेली माणसं. त्यांची नावं दुकानात उच्चारायची नाहीत हा बाबांचा नियम. ओळख केसांवरून. 'करडी येऊन गेली.' 'कुरळ्याची जाळी सैल झालीय.' घरच्यांनाही तोच कायदा. दोन मुली हाताखाली काम शिकल्या, एक ताई आणि एक धाकटी. दुकानात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली भिंतींनीसुद्धा ऐकली नसेल.

मग ताईने वेबसाइट काढली. बिनपाटीच्या दुकानाची तीच पाटी झाली. माणूस आपल्या खोलीचं दार लावून निवांत बघायचा, लिहायचा, डोक्याचं माप पाठवायचा, आणि दिलेल्या वेळेला येऊन घंटी वाजवायचा. पहिल्याच पानावर फोटो होता. पाठमोरी बसलेली बाई आणि कमरेपर्यंत वेणी. ती ताई होती. तेव्हा तिचं औषध सुरू होतं. डोक्यावर टोप होता आणि टोपाला तिचेच केस होते, उपचारांआधी कापून ठेवलेले. धाकटीने एकेक केस जाळीवर गाठवला होता. फोटोही तिनेच काढला होता. ताई म्हणाली होती, "पुढून नको गं. पुढून मी आजारी दिसते, मागून नवरी."

ताई गेली. त्याचं वर्णन करून कुणाचं भलं व्हायचं नाही.

धाकटी लगेच कामावर आली. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली. जाळीवर केस गाठवून गाठवून बोटांची टोकं बधिर होतात, सुई घुसली तरी रक्त दिसल्यावर कळतं. तिचं आतून तसं झालं होतं. सकाळी दार उघडायचं, केस विंचरायचे, मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला लावून घ्यायची, गाठवायला बसायचं. एक केस उलटा लागला तर सगळा टोप गुंततो. तिचा एकही उलटा लागत नव्हता. रडणाऱ्या माणसाचा लागला असता.

गिऱ्हाइकांचे निरोप यायचे थांबले तेव्हा तिला वाटलं, लोक समजूतदार आहेत, दुःखाच्या घरी त्रास देत नाहीत. आता गिऱ्हाइकांना काय माहीत तुमचं दुःख? पण बधिर माणसाला काहीही वाटू शकतं. नवं काम येईना. हातातलं संपत आलं. शेवटी करडीनेच फोन केला.

"अगं, तुमचं पान गेलं कुठे? मेल टाकला तर परत आला. मला वाटलं दुकान बुडालं."

धाकटीने उघडून बघितलं. पाठमोरी बाई नव्हती. पांढरा पडदा, आणि वर लिहिलेलं, की या नावाची मुदत संपली आहे.

ती शेजारी गेली. छपाईवाला तिला फ्रॉकात असल्यापासून ओळखत होता. त्याच्याकडे यंत्र धडधडत होतं आणि तो त्यावरून ओरडून बोलायचा. यंत्र बंद असलं तरी ओरडूनच.

"हॅक झालं का, काका?"

"कसलं हॅक! भाडं थकलं." त्याने हात पुसले. "हे बघ. वेबसाइटचं नाव कुणी कायमचं विकत घेत नाही. तू नाही, मी नाही, मोठमोठे शेठ नाहीत. वर्षाचं भाडं असतं, दरवर्षी भरायचं. नाव एक, जागा एक. जागा म्हणजे खोली, तुमचं सामान तिथे आहे अजून. फोटो, मजकूर, सगळं. पण नाव गेलं की खोलीपर्यंत येणारा रस्ताच गेला. मेलही त्याच रस्त्याने येतो."

"मग भरते मी."

"कोण तू? नाव कुणाच्या नोंदीत आहे?"

"भावोजींच्या."

"जावयाच्या? दुकान तुमचं आणि नाव जावयाचं?"

धाकटीने सांगितलं. नाव घेतलं त्या दिवशी ताई दुकानातच बसून सगळं भरत होती. मालकाचं नाव, पत्ता, फोन असा रकाना आला. बाबा उसळले. "जगाला दिसेल? मग पाटीच की ती!" भावोजी ताईला न्यायला आले होते. ते म्हणाले, "माझं टाका. माझा मेल, माझं कार्ड. मला कोण विचारतंय?" सगळे हसले. बाबा म्हणाले, जावई पहिल्यांदा कामाला आला.

छपाईवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. हाताची शाई कपाळाला लागली.

"अरे, नाव झाकायची सोय असते त्यात! मालक तुम्हीच, फक्त बाहेरच्याला दिसत नाही. एक खूण करायची होती. लपवाछपवीत तुमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही, आणि जिथे झाकण फुकट मिळत होतं तिथे घरच दुसऱ्याच्या नावावर केलंत!"

"आता?"

"आता त्याच्या खात्यातून तो भरेल तर होईल. मुदत संपल्यावर थोड्या दिवसांची सवलत असते. ती संपली की भंगारातल्या सायकलीसारखं, ज्याच्या हाताला लागेल त्याचं. उद्या कुणी प्लॅस्टिकचे केस विकणारा तुमच्या नावावर बसेल आणि तुमची माणसं त्याच्या दारात जातील. जा, धर जावयाला."

भावोजी फोन उचलत नव्हते. ते गेल्या कित्येक दिवसांत कुणाचाच उचलत नव्हते, आणि सगळे म्हणत होते, जाऊ द्या, बिचाऱ्याची बायको गेलीय. शोक करणाऱ्याला लोक सगळं माफ करतात. धाकटीला कुणी काही माफ केलं नव्हतं, कारण ती कामावर येत होती.

ती दुपारी त्यांच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं आणि वाट सोडून उभे राहिले. पडदे ओढलेले. ओट्यावर एकच कप, धुतलेला, उपडा. खिडकीपाशी कपाटावर लाकडी डोकं, त्यावर ताईचा टोप. वेणी सोडलेली होती.

धाकटीची नजर पहिली केसांवर गेली. धंद्याची खोड. मानेपाशी गुंता झाला होता, मूठभर.

"कोण विंचरतं हे?"

"मी. रोज."

"वरून विंचरता. खालून विंचरायचं असतं. टोकाकडून वर यायचं. गाठी सुटतायत जाळीतून."

"मला कुणी सांगितलं नाही."

ती तिथेच खुर्ची ओढून बसली, लाकडी डोकं मांडीत घेतलं, पर्समधली फणी काढली. आपण कशाला आलो ते तिने मान वर न करता सांगितलं. मुदत संपलीय, खातं तुमचं आहे, तुम्हीच भरू शकता, भरा आणि नोंद माझ्या नावावर करा.

"संपली नाही," भावोजी म्हणाले. "म्हणजे, भाडं आपोआप भरलं जाणार होतं. कार्डावरून. मी बंद केलं ते."

फणी थांबली नाही.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"दुकान बुडेल, माहीत होतं?"

"विचार नाही केला." मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू. केला होता."

यावर धाकटीला राग यायला हवा होता. तिने आत शोधलं. ओल्या काडीसारखा, पेटत नव्हता. म्हणून ती नुसतं हिशेब वाचल्यासारखी बोलली.

"केस ताईचे. हात माझे. फोटो मी काढला. पानावरचा शब्द न् शब्द ताईने लिहिला, ओकाऱ्या काढता काढता. दुकान बाबांचं. यात तुमचं काय आहे, भावोजी? कार्ड."

"बायको माझी."

ते अगदी साधेपणाने म्हणाले.

भावोजींनी लॅपटॉप आणला आणि तिच्यासमोर फिरवला. नोंदणीला त्यांचा मेल दिला होता, तोच ताईने दुकानाच्या निरोपांनाही जोडला होता. जो कुणी पानावरून लिहायचा त्याची एक प्रत दुकानात, एक इथे. कुणी ती कधी बंद केली नव्हती. कुणाला आठवलंच नव्हतं. धाकटीने वाचलं. फोटोतल्या बाईसारखा हवा. त्या पाठमोरीचे केस मिळतील का. अशीच वेणी, याच रंगाची. तिचाच टोप विकायला आहे का, वापरलेला चालेल.

"ती खाटेवर होती तेव्हापासून येतात," भावोजी म्हणाले. "ती गेली त्या दिवशीही आला होता एक. दुकानाला चांगलं आहे म्हणून मी बोललो नाही. मग एकदा 'वापरलेला चालेल' आलं. आणि मी बटण दाबलं."

धाकटीने गुंत्याचं शेवटचं टोक सोडवलं. केस मोकळे झाले, मांडीवरून खाली आले. हातांना ते ओळखीचे होते. हातांना नेमकी हीच गोष्ट कळू नये असं तिला वाटलं, पण हात ऐकत नाहीत.

"देतो मी नाव," भावोजी म्हणाले. "फोटो नाही. तो पानावरून काढून टाकायचा."

"फोटो बघूनच लोक येतात. मजकूर कोण वाचतं?"

"ते तू बघ."

फोटो ठेवला तर नाव नाही. नाव घेतलं तर फोटो नाही. बाबांना विचारायची सोय नव्हती, बाबांना विचारूनच हे झालं होतं.

"बरं," ती म्हणाली.

भावोजींनी खातं उघडलं. पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी भाडं भरलं. मग तो जुना रकाना आला, मालकाचं नाव, पत्ता, फोन. धाकटीने स्वतःचं नाव टाकलं, आपलं खरं, पूर्ण नाव. ते इतकं कमी वापरलेलं होतं की दुसऱ्या कुणाचं टाकतोय असं वाटलं. खाली छोटीशी चौकट होती, माहिती लोकांपासून झाका. तिने खूण केली. एवढंच होतं. तिच्या फोनवर विचारणा आली, तुम्हीच का? तिने हो दाबलं. मग तिने निरोपांच्या यादीतून भावोजींचा मेल पुसला.

"आता नाही यायचे तुम्हाला."

त्यांनी मान हलवली. तिने वेणी घातली, सैल, मुळांना ताण बसू नये अशी, आणि डोकं परत कपाटावर ठेवलं, तोंड खिडकीकडे.

"रोज नका विंचरू. आठवड्याने पुरे."

"रोजच करणार मी."

"मग खालून."

दुकानात येऊन तिने पान उघडलं. पाठमोरी बाई आली होती, जशी काही गेलीच नव्हती. तिने फोटो काढून टाकला. त्या जागी राखाडी चौकोन उरला, दाराच्या रंगाचा. दुसरा कुठला लावावा ते सुचेना. तो तसाच राहिला.

बाबा मागे बसून भुवया गाठवत होते. त्यांना तिने सगळं सांगितलं. नोंद माझ्या नावावर आहे, झाकलेली आहे, बाहेर दिसत नाही.

"झाकता येत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तेव्हा कुणी बोललं नाही मला."

"तुम्ही कुणाला बोलू दिलंत?"

बाबांनी सुई मेणावरून ओढली.

निरोप यायला वेळ लागला. धाकटीला वाटलं होतं, चौकोन बघून कुणी लिहिणार नाही, आणि बरेच दिवस लिहिलं नाहीच. तिने सुया पुसून ठेवल्या, जाळ्या घड्या घालून ठेवल्या. छपाईवाला येऊन ओरडून गेला, की अरे काहीतरी लाव तिथे, फुलदाणी लाव. मग एका सकाळी फोन थरथरला. पानावरचा निरोप आता तिच्या एकटीच्याच फोनवर येत होता.

'पूर्वी तुमच्या पानावर एक बाई होती, पाठमोरी. माझे उपचार सुरू व्हायचे होते तेव्हा मी तो फोटो रोज बघायचे. आता तो दिसत नाही. मला तसाच टोप हवा आहे. त्या ताई आता कशा आहेत?'

धाकटीने पहिल्यांदा भावोजींसारखं वाचलं. पडदे ओढलेल्या घरात एकटं बसल्यासारखं. फोन टेबलावर पालथा ठेवला. मग सरळ केला.

'तसाच मिळणार नाही,' तिने लिहिलं. शेवटच्या प्रश्नापाशी अंगठा थांबला. तो प्रश्न तिने ओलांडला. 'डोक्याचं माप पाठवा. फीत कपाळाच्या वरून, कानांच्या मागून, मानेच्या खाचेतून फिरवा.'

"कोण आहे?" बाबांनी मागून विचारलं.

"नवीन आहे."

"काय रंग?"

"विचारलं नाही."

"मग लिहितेस काय? रंग न विचारता माप मागतात का कुणी? ताई आधी रंग विचारायची. आधी रंग, मग माप, नाहीतर माणूस घाबरतं."

ती गेल्यापासून बाबांच्या तोंडून ताई पहिल्यांदा निघाली होती. त्यांनी वर बघितलं नाही. भुवई अर्धी झाली होती, ते पुढचा केस शोधत होते.

धाकटीने लिहिलेलं पुसलं आणि आधी रंग विचारला.