पुस्तिकेचं पहिलं पान

“झिगोंगला सुट्टीत फिरायला कोण येतं?” आईने विचारलं. “इथली माणसंसुद्धा शनिवार उजाडला की चेंगडूची बस पकडतात.”

पेइलान बूट काढत होती. “ऑफिसातल्या एका मित्राला डायनासोरचे सांगाडे बघायचे होते,” ती म्हणाली. हे वाक्य तिने चेंगडूहून येताना बसमध्ये तीन तास घोळवलं होतं. घरात उच्चारल्यावर ते आणखीच पोकळ वाटलं.

“डायनासोर सोळा कोटी वर्षं तिथेच पडलेत. त्याला याच आठवड्यात घाई झाली?”

“झाली खरी.”

“मग घरी का नाही आणलास?”

“बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलाय. संकोची आहे जरा.”

“उद्या जेवायला आण. संकोची माणसं कशी जेवतात ते बघू,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तो मित्र म्हणजे चिन रुइ, ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं. धरणं बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, दूर ईशान्येकडचा, आणि एक लग्न मोडलेला. आईने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घटस्फोटाचं कळलं तेव्हा फोनवर ती एवढंच म्हणाली होती, “पुस्तिका माझ्याकडे आहे.” पुढे बोलायची गरज नव्हती. त्या वर्षांत लग्नाची नोंद करायची तर दोघांच्याही घरची कुटुंबपुस्तिका कचेरीत दाखवावी लागे. तपकिरी कव्हरची ती पुस्तिका ज्याच्या कपाटात, त्याची परवानगी घेतल्याशिवाय लग्न होत नसे. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होत नसे.

रुइ गुरुवारी धरणाच्या कामावर दोन वर्षांसाठी अंगोलाला जाणार होता. सोमवारी सकाळी नऊला चेंगडूच्या नोंदणी कचेरीत त्यांची वेळ ठरली होती. नोंद झाली तर पत्नी म्हणून पेइलान सहा महिन्यांत त्याच्याकडे जाऊ शकणार होती. नाही झाली तर दोन वर्षं ती इथे आणि आई दर महिन्याला नवं स्थळ घेऊन दारात.

दुपारी आई ससा आणायला बाजारात गेली. चार जिने उतरायचे, ओळखीच्या दुकानात घासाघीस करायची, चार जिने चढायचे; पंचवीस मिनिटं, पेइलानने अंदाज बांधला. पुस्तिका सहाव्या मिनिटाला सापडली, आईच्या उशीच्या खोळीत. आत सुटी पानं होती, प्रत्येक माणसाचं एक. वडील गेल्यावर दोनच माणसं उरली होती, आई आणि ती. पेइलानने प्लॅस्टिकच्या कप्प्यातून फक्त आपलं पान ओढून काढलं आणि पुस्तिका होती तिथे ठेवली. आईने वरून चाचपली असती तरी जाड कव्हर हाताला लागलं असतं.

रुइचं नाव घरच्या पुस्तिकेऐवजी कंपनीच्या सामाईक नोंदवहीत होतं. त्याला कंपनीने त्याचं एकच पान हातात दिलं होतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. म्हणून तिला वाटलं, एका माणसाला एक पान पुरतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती एकच नमुना तीनदा तपासत असे. हे तिने एकदाही तपासलं नाही.

रविवारी सकाळी ती दोघं मिठाच्या विहिरीपाशी भेटली. लाकडी मनोऱ्याखालच्या लांब खोलीत मीठ काढायला खाऱ्या पाण्याच्या कढया उकळत होत्या. एक म्हातारा कढईत सोयाबीनचं दूध ओतत होता, आणि गाळ फेसाबरोबर वर आला की झाऱ्याने बाजूला सारत होता. आईने याच कामात तीस वर्षं काढली होती.

वाफेत उभं राहून रुइने पान उलटसुलट पाहिलं. “पहिलं पान?” त्याने विचारलं.

“कसलं पहिलं पान?”

“कुटुंबप्रमुखाचं नाव नि पत्ता असतो ते. शिक्क्याचं. कंपनीने मला माझ्या पानासोबत त्याची शिक्का मारलेली प्रत दिलीय. घरगुती पुस्तिका असेल तर अख्खीच आणा, असं नोंदणीवाले म्हणतात.” त्याने मोबाइलवरची नोंदणी कचेरीची सूचना तिच्यापुढे धरली.

पेइलानने ती दोनदा वाचली. साडेअकरा वाजले होते. बस चारची होती.

“तू काकूंना सरळ विचार ना,” तो म्हणाला.

“सरळ विचारलं की सरळ नाही म्हणेल. तू जेवायला येतोयस. तिला बोलण्यात गुंतव, बाकीचं मी बघते.”

“मला खोटं बोलता येत नाही, पेइलान.”

“मग तोंड भरलेलं ठेव.”

आईने तीन वाट्या मांडून ठेवल्या होत्या. मधोमध तिखटात परतलेला ससा. त्यात मांस कुठे नि मिरची कुठे, हे शोधावं लागत होतं. रुइने आपलं आडनाव चिनऐवजी बाइ असं सांगितलं; खरं सांगितलं तर आई ओळखेल, असं पेइलानने बजावलं होतं.

“डायनासोर कसे वाटले, बाइ महाशय?”

“मोठे,” रुइ म्हणाला. त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं होतं.

“घ्या ना अजून. की तुमच्याकडे तिखट चालत नाही?”

“चालतं, काकू.”

“दिसतंय.”

पेइलान हात धुवायला म्हणून उठली. नळ तिने सोडला तो सोडलाच, आणि आईच्या खोलीत शिरली. उशीच्या खोळीत काही नव्हतं. गादीखाली नव्हतं. कपाटाच्या वरच्या फळीवर वडिलांचे स्वेटर होते, त्यांच्याखालीही नव्हतं.  बाहेर जेवणाच्या काड्यांचा आवाज थांबला होता.

“उशीत नाही ती,” आईचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. “नळ बंद कर आणि बाहेर ये.”

पेइलान बाहेर आली. आई रुइच्या वाटीत भात वाढत होती.

“काल मी आले तेव्हा उशीची शिवण भिंतीकडे होती. मी दाराकडे ठेवते. बघितलं तर पान गेलेलं. म्हटलं, जाऊ दे. एकट्या पानाला कचेरीत कोण हिंग लावून विचारतंय? पाण्यातलं शिसं शोधून काढणारी माझी लेक, तिला एवढं ठाऊक नसावं? मग मी झोपले निवांत. आज तू पुस्तिकेकडे परत येणार हे नक्कीच होतं. फक्त मागायला येतेस की पुन्हा शोधायला, तेवढं बघायचं होतं.”

 पेइलान शोधायलाच आली होती.

रुइने काड्या खाली ठेवल्या, खिशातून पान काढलं आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरलं. “काकू, माझं आडनाव बाइ नाही.”

“ते पहिल्या घासालाच कळलं. ईशान्येकडची माणसंच तिखटाला अशी रडतात. लग्न का मोडलं तुझं?”

“आई,” पेइलान म्हणाली.

“तुला नाही विचारलं.”

“मी वर्षातले दहा महिने धरणावर असायचो,” रुइ म्हणाला. “ती म्हणाली, लग्न नवऱ्याशी केलंय की टेलिफोनशी? तिचं काही चुकलं नाही. गुरुवारी दोन वर्षांसाठी अंगोलाला चाललोय.”

“आणि आता परत धरणावरच निघालास.”

“हो.”

आईने पान टेबलावर ठेवून त्यावर तळवा टेकला. घड्याळात दोन वाजून गेले होते. पेइलानला वाटलं, काही बोललं तरी बिघडेल आणि गप्प राहिलं तरी बिघडेल.

“आई, मला पुस्तिका हवी आहे,” ती म्हणाली. “आधीच मागायला हवी होती. चोरी केली, चुकले. आता मागते. नाही म्हणालीस तर आम्ही रिकाम्या हाताने चारची बस पकडू. पण मी याच्यासाठी थांबेन. दोन वर्षं तू कुणालाही जेवायला बोलाव, मी फक्त जेवून उठेन.”

 आईने उरलेला ससा डब्यात भरला, वाट्या विसळल्या, गॅस दोनदा तपासला. मग स्वयंपाकघराच्या फडताळातून तांदळाचा डबा खाली घेतला, त्यातून पुस्तिका काढली, झटकली, पान जागच्या जागी सरकवलं आणि पुस्तिका आपल्या खांद्याच्या पिशवीत टाकली.

“तीन तिकिटं काढ,” ती म्हणाली. “येते म्हणजे देते, असं समजू नकोस. चेंगडूपर्यंत तीन तास आहेत. मी याच्या शेजारी बसेन. तू मागे बस आणि मध्ये तोंड घालू नकोस.”

बसमध्ये पेइलानला पुढच्या रांगेतली दोन डोकी तेवढी दिसत होती. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. आई विचारत होती आणि रुइ थांबून थांबून उत्तर देत होता. 

सोमवारी नऊ वाजता कचेरीच्या खिडकीत कारकून बाईने हात पुढे केला. रुइने आपले कागद सरकवले. आईने पिशवीतून पुस्तिका काढून खिडकीत धरली, पण बोटं सोडली नाहीत. कारकून बाईने हलकेच ओढलं. पुन्हा ओढलं.

“मावशी, सोडा की,” ती म्हणाली. “मागे रांग आहे.”

आईने एकदा रुइकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि सोडली.